निर्वासितांसाठीचा विकासप्रकल्प 'टिकला' असे नेमके केव्हा म्हणावे?

मृण्मयी (धागाकर्ती)

गेल्या डिसेंबरात नवेगावबांधहून परतताना अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत अर्धा दिवस थांबण्याचा योग आला. नोर्ग्येलिंग हे तिचे अधिकृत नाव असले तरी परिसरात सगळे तिला 'तिबेटी कॅम्प' असेच म्हणतात. १९७२ साली ती वसली तेव्हा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, म्हणून तिच्या नावापुढे भंडारा लागत असे आणि ती सवय अजून पुरती मोडलेली नाही. आजूबाजूला धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल, आणि मध्येच वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्रार्थनेच्या पताका हे दृश्य पूर्व विदर्भात अनपेक्षित वाटते.

मला मात्र अधिक अनपेक्षित वाटली ती कुलुपे. घरे नीटनेटकी होती, अंगणे झाडलेली होती, पण एका ओळीतील निम्म्याहून अधिक दारांना कुलूप होते. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी स्वच्छ हिंदीत सांगितले की त्यांचा एक नातू बंगळुरूला असतो आणि नात कॅनडात. परतीच्या वाटेवर मनात प्रश्न आला तो असा. जमीन, सहकारी संस्था, शाळा, दवाखाना, हस्तकला हे सगळे योजून निर्वासितांना स्वतःच्या पायावर उभे करण्याचा हा प्रकल्प पन्नास वर्षे चालला. तो टिकला हे उघड आहे. परंतु ज्यांच्यासाठी तो होता त्यांची नातवंडे तिथे राहणार नसतील, तर त्याला यश म्हणावे की अपयश? 'टिकाऊ' हे विशेषण प्रकल्पाचे आहे की माणसांचे?

जाणकारांनी अनुभवासह लिहावे, ही विनंती.

शंकासूर

'टिकाऊ' हा शब्द प्रस्तावाच्या पहिल्या पानावर आढळतो आणि अंतिम अहवालात शोधावा लागतो, एवढाच माझा अनुभव आहे. वाचत आहे.

हुबळीकर

माझे बालपण हुबळीत गेले आणि मुंडगोडची वसाहत आमच्यापासून दीड तासाच्या अंतरावर आहे, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

१९५९ साली दलाई लामांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार तिबेटी भारतात आले. आरंभी त्यांच्यातील पुष्कळांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर लावण्यात आले. ते काम थंड हवेत होते, एवढेच त्याचे समर्थन होते. कुटुंबे विखुरत होती आणि मुलांच्या शिक्षणाचा पत्ता नव्हता. त्यामुळे सलग जमिनीवर मोठ्या वसाहती वसवाव्यात असे ठरले आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्याने जमीन दिली. १९६० साली बैलकुप्पे येथे पहिली वसाहत वसली, १९६६ साली मुंडगोडची. बैलकुप्प्यात सुमारे तीन हजार एकर जमीन होती आणि माणशी एक एकर, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला पाच एकर, असा हिशेब होता. जमीन म्हणजे जंगल होते. ते तोडायचे, जाळायचे, हत्तींपासून पीक राखायचे, आणि हे सगळे याक व जवाच्या प्रदेशातून आलेल्या माणसांनी दक्षिणेतील उन्हात करायचे होते. पहिल्या वर्षांत आजाराने आणि उष्म्याने बरीच माणसे दगावली. आज तिथे पर्यटक सोनेरी बुद्धमूर्तींसमोर छायाचित्रे काढतात तेव्हा ही पहिली पाच वर्षे कोणाला आठवत नाहीत.

पीक म्हणून मक्याने हात दिला. परंतु माझ्या मते खरी गोष्ट मक्याची नसून सहकारी संस्थेची आहे. बियाणे, खत, ट्रॅक्टर, धान्याची विक्री हे सगळे वसाहतीच्या सहकारी संस्थेमार्फत होत असे आणि तिचे ट्रॅक्टर व दुरुस्तीची कार्यशाळा आजूबाजूच्या कन्नड शेतकऱ्यांच्याही उपयोगी पडे. पिठाची गिरणी आणि दवाखाना यांचेही तेच. शेजारच्या गावाला वसाहतीचा उपयोग होता म्हणून वसाहत नांदली, असे मी ठामपणे म्हणेन. अर्थात कुरबुरी झाल्या. 'आमच्या भूमिहीनांना एक गुंठा मिळत नाही आणि परक्यांना पाच एकर' हे वाक्य मी लहानपणी बसमध्ये ऐकले आहे आणि ते बोलणाऱ्याचे सर्वस्वी चुकत होते असे मला आजही म्हणवत नाही.

बेरीज_वजाबाकी

हुबळीकर, आपण सहकारी संस्थेला सगळे श्रेय दिलेत, पण हिशेब मांडला तर माणशी एक एकर कोरडवाहू जमिनीवर कोणाचे पोट भरते? या वसाहतींना जगवले ते स्वेटरांनी. लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून हंगामापूर्वी माल उधारीवर उचलायचा, ऑक्टोबरच्या सुमारास घर सोडायचे, एखाद्या शहरात पालाखाली तीन-चार महिने दुकान मांडायचे, आणि हंगाम संपला की उधारी चुकती करून परतायचे, हे चक्र दशकानुदशके चालू आहे. पुण्यात, नागपुरात, नाशकात आपण सर्वांनी या बाजारांतून लोकरी कपडे घेतले आहेत. यातली कोणतीही गोष्ट कोणा तज्ज्ञाच्या आराखड्यात नव्हती. प्रकल्पाने शेती दिली आणि लोकांनी व्यापार शोधला.

जुनाजाणता

दोघांचेही बरोबर आहे, परंतु या कथेचे एक उपकथानक महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. मी ग्रामीण पतपुरवठ्याच्या क्षेत्रात नोकरी केली, म्हणून सांगतो.

दक्षिणेतील तिबेटी वसाहतींच्या कामासाठी १९६८ साली 'म्हैसूर रिसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी' नावाची संस्था स्थापन झाली. तीच पुढे 'मायराडा' या आद्याक्षरी नावाने प्रसिद्ध झाली. १९८२ च्या सुमारास तिबेटी पुनर्वसनाचे काम आटोपल्यावर संस्थेने दुकान बंद करण्याऐवजी कर्नाटकातील गरीब खेड्यांकडे मोर्चा वळवला. तिथे त्यांनी आधी मोठ्या सहकारी संस्था काढल्या आणि त्या मोडकळीस आल्या, कारण शे-दोनशे सभासदांत चार दांडगे लोक सूत्रे हाती घेत आणि बाकीचे गप्प बसत. १९८४-८५ च्या सुमारास काही गावांतील लोक आपापसात लहान लहान गट करून वेगळे झाले. एकमेकांना ओळखणारी, साधारण सारख्या ऐपतीची पंधरा-वीस माणसे एकत्र येऊन थोडी बचत करू लागली आणि आपल्यातच कर्ज देऊ लागली. मायराडाच्या लोकांचे मोठेपण असे की त्यांनी हे आपल्या योजनेचे अपयश मानले नाही; गटांनाच पुढे बळ दिले. १९९२ साली नाबार्डने, म्हणजे शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, ५०० गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम हाती घेतला, त्यामागे हाच अनुभव होता.

आज आपल्या गावागावांत महिलांचे जे बचत गट आहेत त्यांच्या अनेक मुळांपैकी एक मूळ असे निर्वासितांच्या पुनर्वसनात जाऊन पोहोचते. सगळे श्रेय तिबेट्यांचे किंवा एका संस्थेचे आहे असा माझा दावा नाही. मृण्मयी यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की प्रकल्पाचे आयुष्य मोजताना केवळ त्याच्या कुंपणाच्या आत पाहू नये.

शंकासूर

जुनाजाणता, उत्तम माहिती. म्हणजे आमच्या सौ. दर महिन्याला ज्या बैठकीसाठी मला स्वयंपाकघरात सोडून जातात, तिच्या मुळाशी बैलकुप्पे आहे तर. हे घरी सांगणार नाही.

झाडीपट्टी

धागा माझ्या भागातून सुरू झाला आहे, म्हणून एक दुसरी बाजू मांडतो. तिबेटी वसाहतींचे कौतुक करताना त्याच काळात, त्याच सरकारने, त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर केलेल्या दुसऱ्या प्रयोगाकडे पाहिले पाहिजे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांसाठी १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. कोरापुट आणि बस्तरच्या जंगलात जमिनी तोडून खेडी वसवण्यात आली. पुढे साठच्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागातही बंगाली खेडी वसली. पाण्यात वाढलेल्या, वर्षात दोन-तीन पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांना कोरापुट-बस्तरच्या मुरमाड पठारावर आणून ठेवले गेले. सिंचन अपुरे होते, बाजार दूर होता, आणि दलित नामशूद्र समाजाच्या या माणसांचे म्हणणे ऐकणारे कोणी नव्हते. १९७८ साली हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनकडे निघाली. त्यांतील काहींचे १९७९ साली मरिचझापी बेटावर काय झाले ते सर्वज्ञात आहे. तिथे बळाचा वापर करून त्यांना हुसकावले गेले आणि माणसे मेली.

तिबेट्यांना वसवताना माणसे एकत्र ठेवली गेली, त्यांची शाळा, त्यांचा मठ, त्यांचे प्रशासन त्यांच्यापाशी राहिले, आणि परदेशी मदतही आली. बंगाली निर्वासितांच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही. आणि दोन्ही ठिकाणी एक पक्ष असा होता ज्याला कोणीच विचारले नाही. तो म्हणजे जंगलावर जगणारा आदिवासी. दंडकारण्यात तोडलेले जंगल रिकामे नव्हते.

तरीही न्यायाने हेही लिहिले पाहिजे की गडचिरोलीतील बंगाली खेडी टिकली. तळ्यांतील मासे आणि धान यांवर त्यांनी संसार उभे केले, आणि आठवडी बाजारात भाजीच्या ओळीत आज तेलुगू, गोंडी, मराठी आणि बंगाली एकाच वेळी कानी पडतात. म्हणजे प्रकल्प फसला आणि माणसे टिकली, असेही होते.

उल्हासकाठ

झाडीपट्टी यांचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. मी सिंधी आहे, शिक्षण मराठीतून झाले, आणि घर उल्हासनगर चारमध्ये. आम्ही अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आमच्या लोकांना बराकींत ठेवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. माझे आजोबा सांगत की एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक कुटुंबे राहत. पापड लाटणे, लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकणे, यंत्रांचे भाग जोडणे अशा उद्योगांतून शहर उभे राहिले. 'मेड इन यूएसए'चा आमच्याकडचा अर्थ, म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', सर्वांना ठाऊक आहेच; तो विनोद आम्हीच सर्वांत आधी सांगितला असेही आम्ही सांगतो.

मला दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत. पहिली अशी की आम्हांला कोणी विकासाचा आराखडा दिला नाही, पण आम्ही या देशाचे नागरिक होतो. मत देता येत होते, माल कुठेही विकता येत होता. दुसरी गोष्ट कमी अभिमानाची आहे. वालधुनी नदीचे जे झाले ते मी रोज पाहतो. जीन्स धुण्याच्या आणि रंगवण्याच्या कारखान्यांचे पाणी तिच्यात जात राहिले आणि शहराने बराच काळ डोळे मिटून घेतले. उपजीविका टिकली, नदी टिकली नाही. तेव्हा 'टिकाऊ' हा शब्द आमच्यासाठी वापरताना जरा थांबावे लागते.

पंचगंगा

कोल्हापूरकर म्हणून एक छोटी भर. वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक. शाळा, चर्च, नाटके सगळे त्यांनी उभारले. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि आज तिथे गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ आहे. जो प्रकल्प मुळातच संपण्यासाठी होता, त्याला 'टिकला नाही' म्हणून दोष देता येत नाही. परत जाण्याची आशा असलेल्या माणसांसाठी कायमची घरे बांधणे त्यांना अपमानास्पदही वाटू शकते, हे लक्षात घ्यावे.

नैरोबीकर

मी केनियात पाणीपुरवठ्याच्या कामात काही वर्षे होतो. भारतातील उदाहरणे वाचून तिथले एक एक दृश्य डोळ्यांपुढे आले.

वायव्य केनियातील तुर्काना हा अवर्षणाचा प्रदेश. १९९२ साली तिथे काकुमा छावणी सुरू झाली, मुख्यतः सुदानमधून आलेल्या मुलांसाठी आणि तरुणांसाठी. निर्वासितांना शिधा मिळे, पण तो शिजवायला जळण कुठून आणायचे? झाडे तोडण्यास त्यांना मनाई, आणि संस्थांकडून मिळणारे सरपण अपुरे. मग ते शिध्यातला काही भाग स्थानिक तुर्काना बायकांना देऊन सरपण आणि कोळसा घेऊ लागले. कागदावर तो शिधा निर्वासितांचा होता, प्रत्यक्षात त्यावर दोन उपाशी समाज जगत होते. ज्या भागात स्थानिक माणूस स्वतः दुष्काळात आहे तिथे केवळ कुंपणाच्या आतल्यांना धान्य, पाणी आणि दवाखाना देणे म्हणजे भांडणाला आमंत्रण देणे होय, आणि भांडणे झाली.

यातून धडा घेऊन २०१६ साली जवळच कालोबेयेई ही वसाहत आखली गेली. शाळा, दवाखाने, बाजार हे निर्वासित आणि तुर्काना या दोघांसाठी आरंभापासूनच सामायिक असावेत, आणि शिध्याऐवजी मोबाईलवर रक्कम देऊन खरेदी स्थानिक दुकानांतून व्हावी, अशी कल्पना होती. युगांडातही मदतीचा सुमारे तीस टक्के भाग यजमान समाजासाठी ठेवावा असे तत्त्व आहे. तिथे २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याचा आणि फिरण्याचा हक्क आहे, शिवाय जमिनीचा तुकडाही मिळतो. माणसे वाढत गेली तसा तो तुकडा लहान होत गेला, हेही खरे.

आता माझी स्वतःची फजिती. आमच्या संस्थेने, नाव घेत नाही, परसबागांचा कार्यक्रम घेतला. खोलगट वाफे करून सांडपाण्यावर पालेभाज्या घ्यायच्या, असा बेत होता. पहिल्या हंगामात छायाचित्रे फार सुंदर आली. दुसऱ्या वर्षी निधी आटला, पाण्याच्या फेऱ्या कमी झाल्या, भांडी घासायला पाणी पुरेना तर सांडपाणी कुठून उरणार? वाफ्यांत शेळ्या बसू लागल्या. एका सोमाली बाईने मला शांतपणे विचारले की तुम्ही पाण्याआधी भाजीचा विचार का केलात. त्यावर मजजवळ उत्तर नव्हते.

बेरीज_वजाबाकी

त्या बाईंना आमच्याकडच्या जलसंधारणाच्या बैठकांना बोलवावे.

मेघमल्हार

नैरोबीकरांच्या जळणाच्या मुद्द्याला बांगलादेशातील उदाहरण जोडतो. २०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित कॉक्स बझारमध्ये आले, आणि टेकड्यांवरचे जंगल काही महिन्यांत सरपणासाठी मुळांसकट उपटले गेले. २०१८ पासून छावणीत आणि आसपासच्या स्थानिक कुटुंबांतही गॅसच्या टाक्या वाटण्यास सुरुवात झाली, डोंगरउतारांवर पुन्हा झाडे लावली गेली, आणि सरपणाची मागणी पुष्कळच घटली. हिरवाई परत आलेली दिसते. परंतु टाकी दर खेपेला भरून द्यावी लागते, ती परदेशी मदतीतून भरली जाते, आणि रोहिंग्यांना अधिकृतपणे काम करण्यास मनाई असल्यामुळे ते ती स्वतः विकत घेऊ शकत नाहीत. जंगलाच्या दृष्टीने हा उपाय टिकाऊ आणि माणसाच्या दृष्टीने पूर्णपणे परावलंबी आहे. असे परस्परविरोधी गुण एकाच योजनेत असू शकतात, म्हणून एका शब्दात निकाल देऊ नये.

शंकासूर

गमतीचा भाग बाजूला ठेवून लिहितो. आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत एक रेघ स्पष्ट दिसते. उल्हासनगर आणि गांधीनगर बहरले कारण तिथली माणसे नागरिक होती. काकुमा आणि कॉक्स बझार अडकले कारण तिथली माणसे नागरिक नाहीत आणि मोकळेपणे कामही करू शकत नाहीत. तिबेटी मध्ये लोंबकळत आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. तिबेट्यांपाशी नोंदणीचा दाखला असतो, जमीन भाडेपट्ट्यावर असते, आणि २०१४ साली केंद्राने पुनर्वसन धोरण आणले तोवर सगळे राज्याराज्यांच्या मर्जीवर होते. ज्या जमिनीवर कर्ज काढता येत नाही आणि जी मुलाच्या नावे करता येत नाही, तिच्यावर नातू का राबेल? कुलुपांचे कारण हेच आहे.

हुबळीकर

इतके सरळ नाही. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय नागरिक आहेत. तरीही अनेकांनी नागरिकत्व घेतले नाही. माझ्या वर्गमित्राने मला सांगितले की हातातला दाखला हा त्याच्या दृष्टीने अडचण नसून आठवण आहे. तो सोडला तर आपण निर्वासित आहोत हे सांगण्याचा आधार जाईल. आपण ज्याला अपुरेपणा म्हणतो तो काहींनी जाणूनबुजून जपला आहे.

आणि परदेशगमनालाही स्वतःचा इतिहास आहे. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एक हजार तिबेट्यांना प्रवेश दिला, पुढे त्यांची कुटुंबे गेली, आणि वाट पडली. आमच्याकडच्या वसाहतींत शेते आता पुष्कळदा स्थानिक शेतकरी कसतात. लहानपणी बसमध्ये ऐकलेल्या त्या वाक्याचा शेवट असा होईल असे मला वाटले नव्हते.

जुनाजाणता

शंकासूर यांना आणखी एक विचारतो. कोकणातल्या घरांना कुलपे नाहीत का? तिथे तर सातबारा पणजोबांच्या नावापासून चालत आला आहे.

शंकासूर

हा घाव वर्मी बसला. माझेच घर राजापूर तालुक्यात आहे आणि गणपतीत उघडते.

मृण्मयी

सर्वांचे आभार. माझा प्रश्न मी चुकीचा मांडला होता, असे आता वाटते. नातवंडे गेली म्हणजे प्रकल्प फसला, हे मोजमाप मी आपल्या स्वतःच्या गावांना लावत नाही. मग ते निर्वासितांच्या गावाला का लावावे? चांगली शाळा दिली की मुले जाणारच, आणि १९६१ पासून तिबेटी मुलांच्या शाळांवर जो खर्च झाला तो त्यांनी मक्याची कणसे मोडत बसावे म्हणून झाला नसावा. झाडीपट्टी आणि नैरोबीकर यांनी मांडलेला प्रश्न मात्र मला आता अधिक महत्त्वाचा वाटतो: ज्यांच्या शेजारी वसाहत वसली त्यांच्या हाती पन्नास वर्षांनी काय आले? गोठणगावात मी ते कोणालाच विचारले नाही. सगळा वेळ त्या कुलुपांकडेच पाहत राहिले. पुन्हा जाण्याचा विचार आहे.

झाडीपट्टी

अवश्य या, आणि गावातल्या लोकांशीही बोला. मी सोबत येईन. फक्त एक विनंती. आपण डिसेंबरात आला होता. बेरीज_वजाबाकी यांनी वर लिहिले आहे की त्या दिवसांत ही मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी असतात. नातवंडे परदेशी गेली हे खरे आहे, पण आपण पाहिलेली सगळी कुलुपे त्यांचीच नव्हती. त्यांचे नववर्ष, लोसार, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. त्यासाठी माणसे परततात. तेव्हा या आणि मग दारे मोजा.